गळणारं काचेचं कौल : एका सकाळचं काम

माजघरात उजेड यावा म्हणून मंगळुरी कौलांमध्ये बसवलेलं काचेचं कौल ठिबकायला लागलं, की लगेच त्याच्या नावानं बोटं मोडू नका. पुष्कळदा कौल धडधाकट असतं आणि खाचेत अडकलेला पालापाचोळा खरा गुन्हेगार असतो. मे महिन्यातली कोरडी सकाळ निवडा आणि घरातल्या कुणाला तरी मदतीला घ्या. शिडी, खडू, ताठ केसांचा ब्रश, जाड हातमोजे, लांब बांबू आणि पाण्याचा पाइप एवढं पुरे. आतून कौलं उघडी दिसतात, मध्ये पाटणी नाही, असं धरून सांगतो. म्हणजे छपरावर पाय ठेवायची गरजच नाही.

१. ही गळती आहे की घाम, ते ठरवा. चूल पेटल्यावर किंवा पाणी तापवताना थेंब येत असतील तर ती वाफ आहे. काच पुसा आणि कृती इथेच सोडा.

२. भर उन्हात दारं-खिडक्या लावून वर बघा. काचेच्या कडेला उन्हाची बारीक रेघ दिसली, तर तिथे कौल सरकलंय.

३. ओल जिथे दिसते तिथून उताराच्या वरच्या दिशेनं डाग शोधत जा. पाणी रिपेवरून, वाशावरून घरंगळत येतं आणि भलतीकडेच टपकतं. थेंबाच्या बरोबर डोक्यावरचं कौल बदलून फसलेले लोक मी पाहिलेत.

४. पाइप बांबूला बांधून बाहेरून छपरावर पाणी सोडा. आधी काचेच्या खालच्या ओळीवर, मग काचेवर, मग वरच्या ओळीवर. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. घाई केलीत तर नेमकं कुठून आलं ते कळणार नाही. आणि फवारा खालून वर मारू नका, तसा मारला तर चांगलं छप्परही गळतं.

५. आतल्या माणसानं “आलं!” म्हणताच पाणी थांबवा आणि त्या कौलावर आतून खडूची खूण करा. पुढचं सगळं काचेच्या कौलाचं सांगतो. खूण मातीच्या कौलावर आली तरी रीत हीच.

६. छप्पर वाळू द्या. ओलं, शेवाळलेलं कौल हातातून निसटतं.

७. खालची जागा रिकामी करा. पाळणा, देव्हारा, टीव्ही, सगळं बाजूला. मदतनिसाला शिडी धरायला सांगा.

८. हातमोजे घालून काचेच्या लगतचं वरचं कौल आतून थोडं उचला आणि वर सरकवा. ओढू नका, त्याची टोकं रिपेला अडकलेली असतात.

९. काचेच्या कडेवर चढलेलं बाजूचं कौल बोटभर उचलून धरा.

१०. आता काचेचं कौल सोडवून आत घ्या. मातीच्या कौलापेक्षा ते जड लागतं, म्हणून दोन्ही हात वापरा.

११. कौल पुसून उजेडासमोर धरा. केसाएवढी चीर असली तरी ते बाद. वरून सिमेंट किंवा एम-सील थापायचा मोह आवरा. उन्हानं ते सुटतं आणि पाणी अडवून ठेवतं. नवं घ्यायला जाताना जुनं बरोबर न्या, कारण सगळ्यांची मापं सारखी नसतात.

१२. काचेच्या आणि शेजारच्या कौलांच्या खाचा ब्रशनं साफ करा. कचरा खाली पडू द्या, वरच्या ओळीत ढकलू नका.

१३. खालची रीप अंगठ्यानं दाबून बघा. अंगठा रुतला तर सुताराला बोलवा. कुजलेल्या रिपेवर नवं कौल बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

१४. काचेचं कौल आधी रिपेला अडकवा.

१५. मग कडेची खाच खाचेत बसवा. हलकेच हलवून बघा. डुगडुगलं तर खाली खडा राहिलाय. काढा आणि पुन्हा बसवा.

१६. बाजूचं कौल खाली टेकवा.

१७. शेवटी वरचं कौल जागेवर ओढून घ्या. ते काचेच्या डोक्यावर चढलंच पाहिजे. राहिलं तर सगळी मेहनत वाया.

१८. चौथी पायरी पुन्हा करा.

भर पावसात चीर सापडली, तर पत्र्याचा तुकडा घ्या. वरची कड वरच्या कौलाखाली आणि खालची कड खालच्या कौलावर येईल असा तो काचेवर सरकवा. उजेड जाईल, पण अंथरूण कोरडं राहील.

नवं कौल आणाल तेव्हा दोन आणा. दुसरं गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा. ऐन जुलैत तेच माप दुकानात मिळेलच असं नाही.