फिशटँकवरचा लाइट मोटरने वर-खाली करायचा, तर खर्च किती?

चार फुटी फिशटँकवर मोटरने वर-खाली होणारा, छताला टांगलेला लाइटचा हूड बनवून घ्यायचा, तर पुण्या-मुंबईत साधारण १७,५०० ते २६,००० रुपये लागतात. त्यात साध्या फ्लडलाइटऐवजी झाडांच्या टाकीसाठीचा तयार एलईडी लाइट बसवला, तर रक्कम २४,००० ते ३९,००० पर्यंत जाते. दर दुकानागणिक बदलतात, म्हणून १५-२० टक्के इकडेतिकडे धरूनच चाला. पण आकड्यांच्याही आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: आपल्या टाकीला याची गरज आहे का?

टाकी दोन फुटांची असेल तर नाही. उघडझाप करणारं झाकण किंवा ४००-८०० रुपयांना जोडीने मिळणारे दोरीचे रॅचेट हँगर पुरतात. तीन फुटांच्या टाकीलाही कपडे वाळत घालायच्या हाताच्या पुलीवर भागतं, ती १,५०० ते ३,००० रुपयांत येते. मोटरचा खरा उपयोग चार फुटांपासून पुढे, आणि तोही टाकीत झाडं असतील तर. झाडं दर आठवड्याला छाटावी लागतात, काचेवरचं शेवाळ खरवडावं लागतं, आजारी मासा जाळीत धरावा लागतो. प्रत्येक वेळी आठ-दहा किलोचा हूड उचलून जमिनीवर ठेवायचा कंटाळा आला की माणूस टाकीत हात घालणंच टाळतो आणि टाकी बिघडत जाते. दुसरा फायदा उजेडाचा. लाइट वर घेतला की तळाशी पोचणारा उजेड कमी होतो. शेवाळ वाढू लागलं किंवा झाडं नवी असली, तर हूड चार बोटं वर घेऊन उजेड आवरता येतो. प्रवाळ ठेवणाऱ्यांना तर हे रोजच्या उपयोगाचं आहे.

आता हूड. पहिला विचार १२ मिलिमीटर प्लायवूडचा येतो, कारण सुतार ओळखीचा असतो. चार बाय दीड फुटांचा, आठ इंच उंचीचा प्लायचा नुसता खोका दहा किलोच्या आसपास भरतो. त्यावर सनमायका आणि आत लाइट धरले की चौदा-पंधरा किलो होतात. खालून सतत वाफ लागते, त्यामुळे कडा फुगतात. त्यापेक्षा दुकानांच्या पाट्यांना वापरतात ती एसीपी शीट आणि ॲल्युमिनियमचे सेक्शन घ्या. लाइटसकट वजन नऊ-दहा किलोंत बसतं. शीट, सेक्शन आणि फॅब्रिकेटरची मजुरी मिळून ५,५०० ते ७,५०० रुपये. वजन कमी झालं की मोटर, दोरी, अँकर या सगळ्यांवरचा भार कमी होतो, म्हणून इथे प्लायचा हट्ट धरू नका.

उचलण्याच्या यंत्रणेवर मात्र हात आखडू नका. रचना अशी: छताला एक पट्टी, तिच्यावर दोन बेअरिंगांत फिरणारा एकच शाफ्ट, शाफ्टवर दोन ड्रम, प्रत्येक ड्रमवरून खाली येणारी एक वायर रोप आणि तिच्या टोकाला उलट्या ‘व्ही’सारखे दोन फाटे, एक हूडच्या पुढच्या कोपऱ्याला, एक मागच्या. शाफ्ट एकच असल्याने दोन्ही बाजू सारख्याच उचलल्या जातात. दोन टोकांना दोन मोटरी लावण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्या एकसारख्या फिरत नाहीत आणि हूड तिरका होतो.

मोटर वर्म गिअरचीच हवी. वीज गेली तरी वर्म गिअर उलटा फिरत नाही, हूड जागेवर थांबतो. ड्रमचा व्यास ४० मिलिमीटर धरला, तर दहा किलोंसाठी २० किलो-सेंटिमीटर टॉर्क लागतो. त्याच्या तिप्पट, म्हणजे ६० किलो-सेंटिमीटरची, १२ व्होल्टवर चालणारी आणि मिनिटाला दहा फेरे घेणारी मोटर घ्या. एका फेऱ्यात साडेबारा सेंटिमीटर दोरी गुंडाळली जाते, म्हणजे दीड फूट वर जायला वीस-बावीस सेकंद. मासे बिचकत नाहीत. जुन्या बाजारात गाडीच्या वायपरची मोटर स्वस्तात मिळते, पण ती चार-पाच पट वेगाने फिरते आणि हूड हिसक्याने उचलते. घरातल्या टाकीवर ती नको.

दोरी २ मिलिमीटरची स्टेनलेस वायर रोप. खाऱ्या पाण्याची टाकी असेल किंवा घर समुद्राजवळ असेल, तर ३१६ ग्रेडची मागा. साध्या ३०४ ला तिथे गंजाचे डाग पडतात. हूड सगळ्यात खाली असतानाही ड्रमवर दोरीचे किमान दोन वेढे शिल्लक राहिले पाहिजेत. मोटर १,८०० ते ३,५०० रुपये, लेथवर वळवून घेतलेले दोन ड्रम ५००-७००, बेअरिंग तितक्याचीच, आणि कपलिंग, दोरी, टर्नबकल, पट्टी, अँकर धरून ही सगळी यंत्रणा ५,००० ते ८,००० रुपयांत होते. मुंबईत हा लोखंडी माल नागदेवी स्ट्रीटला मिळतो आणि विजेचं सामान लोहार चाळीत. पुण्यात विजेच्या सामानासाठी तपकीर गल्ली आहे, आणि ड्रम वळवून द्यायला भोसरीच्या एमआयडीसीत लेथवाले आहेत.

हे सगळं आरसीसी स्लॅबलाच टांगायचं. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला कधीही नाही. स्लॅबमध्ये ८ मिलिमीटरचे अँकर फास्टनर ठोकण्याआधी पंख्या-दिव्याचे पाइप कुठून गेलेत हे इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या. वरच्या मजल्यावर नेमकं तिथेच न्हाणीघर असेल तर छताला हात लावू नका. अशा वेळी, आणि घर भाड्याचं असेल तेव्हाही, जमिनीवर उभी राहणारी चौकोनी पाइपची चौकट बनवून घ्या. तिचे तीन-चार हजार जास्त पडतात.

विजेच्या खर्चात सर्वांत महाग वस्तू आहे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, १,८०० ते २,८०० रुपयांची. बरेच जण ती वगळतात. कृपा करून वगळू नका. घरातली एमसीबी जास्त भार किंवा शॉर्ट सर्किट झालं तर पडते. पाण्यात हात घातलेल्या माणसाच्या अंगातून वीज गेली तर ती त्याला वाचवत नाही. ते काम आरसीसीबीचं. बाकी १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस ५००-८००, दोन लिमिट स्विच आणि दाबून धरेपर्यंतच मोटर चालवणारा स्विच ४००-७००, वायर आणि डबा ७००-१,०००. प्रत्येक लिमिट स्विचला एक डायोड जोडायला सांगा. म्हणजे हूड टोकाला जाऊन थांबल्यावर उलट्या दिशेने निघू शकतो. डायोड काही रुपयांचा आहे. लाइटची वायर प्लगच्या खाली झोल देऊन मग वर न्या. वायरवरून ओघळणारं पाणी त्या झोलात गळून पडतं, सॉकेटपर्यंत जात नाही.

लाइटसाठी ३० वॅटचे, ६५०० केल्विनचे तीन फ्लडलाइट १,५०० ते २,४०० रुपयांत येतात आणि साध्या झाडांना पुरतात. लाल झाडं हवी असतील तर ८,००० ते १५,००० चा तयार लाइट. ९० वॅट रोज आठ तास जळले तर महिन्याला साडेएकवीस युनिट होतात, युनिटला १० रुपये धरले तर २१५ रुपये. मोटरची वीज मोजण्याइतकीही नाही. इलेक्ट्रिशियन आणि बसवण्याची मजुरी २,००० ते ३,०००.

एवढी खटपट नको असेल, तर कपडे वाळवायचा मोटरचा सीलिंग हँगर १२,००० ते २०,००० रुपयांत रिमोटसकट मिळतो आणि दहा किलो सहज उचलतो. त्याला हूड टांगता येतो. मात्र हँगर अशा कामाला वापरल्यावर वॉरंटीची अपेक्षा ठेवू नका.

घरी बनवा वा तयार घ्या, दोन साखळ्या स्वतंत्र अँकरला बांधून हूडला लावा. त्यांची लांबी अशी ठेवा की दोरी तुटली तरी हूड काचेच्या दोन बोटं वर अडकेल. चार बाय दीड बाय दीड फुटांच्या टाकीत अडीचशे लिटर पाणी असतं. काच फुटली तर ते सगळं घरात, आणि वर जळते लाइट. या साखळ्यांना दोनशे-तीनशे रुपये लागतात. कारागिराचे शेवटचे पैसे देण्याआधी टाकी तिथे मांडू नका. हूडच्या जागी २५ किलो तांदळाचं पोतं टांगा, दहा-बारा वेळा वर-खाली करा आणि रात्रभर वरच राहू द्या. सकाळी ते तसूभरही खाली आलेलं नसेल, तरच पैसे चुकते करा.