स्वरांचे लेखन आणि वाचन

गायन ही कानाची विद्या. गुरूने म्हणावे आणि शिष्याने ते कंठात उतरवावे, ही आपल्याकडील जुनी रीत. परंतु जी चीज केवळ कंठात राहते, ती त्या कंठाबरोबरच लोपते. हे जाणून पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी घराणेदार गायकांकडून शेकडो चिजा मिळविल्या आणि स्वरलिपीसह क्रमिक पुस्तकमालिकेत छापल्या.

आमच्या गोव्यात स्वरलेखन निराळ्या वाटेने आले. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुले पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकत. पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत संगीतकाराने चाल म्हणून दाखवावी आणि अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांसारख्या गोमंतकीयांनी ती कागदावर उतरवून वाद्यवृंदासाठी मांडावी, असा क्रम पडला.

आता या लेखनासाठी संगणकाचे साहाय्य मिळते. मात्र कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हे विचारण्यापूर्वी लिपीची तोंडओळख हवी. कोणतीही स्वरलिपी दोन गोष्टी सांगते : स्वर किती उंच आणि किती काळ. भातखंडे पद्धतीत अक्षराखालची आडवी रेघ कोमल स्वर दाखविते व मध्यमावरची उभी रेघ तीव्र मध्यम. वरचा बिंदू तार सप्तकाचा, खालचा मंद्राचा. पाश्चात्त्य पद्धतीत पाच रेघांवरील स्थान उंची सांगते व आकृती काळ सांगते. पोकळ अंडाकृती म्हणजे पूर्ण स्वर. तिला दांडी जोडली की अर्धा. आतून भरली की पाव. आपला षड्ज गायकाच्या सोयीने बदलतो, पाश्चात्त्य लिपीतील स्वर मात्र ठरलेल्या उंचीचे असतात. म्हणून त्या लिपीत लिहिताना आपण षड्ज कोठे धरला, हे आरंभीच टिपावे.

आता निवडीचा प्रश्न. सिबेलियस व डोरिको यांच्या पूर्ण आवृत्त्यांस पैसे पडतात. म्यूझस्कोर विनामूल्य मिळते आणि शाळकरी गरजेला पुरेसे आहे. ही सारी मुख्यतः पाच रेघांच्या लिपीसाठी घडविलेली आहेत. भातखंडे लिपीसाठी चौकटी आखलेली वही आणि पेन्सिल हेच उत्तम साधन, असे आमचे मत आहे.

किमतीहून महत्त्वाचा विचार टिकाऊपणाचा. फिनाले हे १९८८ पासूनचे नामांकित सॉफ्टवेअर. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच्या कंपनीने त्याचा विकास थांबविल्याचे जाहीर केले. ज्यांचे सारे लेखन त्या एकाच साच्यात होते, त्यांना ते दुसरीकडे हलविण्याची धावपळ करावी लागली. यातून धडा घ्यावा. आपले लेखन म्युझिकएक्सएमएल या खुल्या साच्यातही साठवावे, कारण तो निरनिराळ्या सॉफ्टवेअरना वाचता येतो. शिवाय एक प्रत कागदावर काढून ठेवावी.

विद्यार्थिमित्रांनो, या साधनांत एक मोहही आहे. कळ दाबताच यंत्र लिहिलेले स्वर वाजवून दाखविते आणि आपण वाचण्याचा कंटाळा करतो. मग डोळे कागदावर असतात, पण शिकतो तो केवळ कान. यास्तव एक नियम पाळावा. दररोज चार ओळी घ्याव्यात. प्रथम हाताने ताल धरून केवळ मात्रा म्हणाव्यात, मग स्वर म्हणावेत, आणि त्यानंतरच यंत्राकडून ऐकून आपली चूक शोधावी. दररोजची पंधरा मिनिटे नेमाने दिली, तर परके वाटणारे ठिपके हळूहळू अक्षरांसारखे बोलू लागतात.

मींड, आंदोलन, आवाजाचा लगाव हे कोणत्याही लिपीत पुरते मावत नाही. तेथे गुरू हवाच. तरीही लिहिलेला सांगाडा हाती असेल तर पुढच्या पिढीला त्यात प्राण भरता येतो. आपल्या घरी आजी जात्यावरची ओवी म्हणत असेल, धालो वा फुगडीचे गीत गात असेल, तर त्याची चाल कोणत्याही पुस्तकात मिळेलच असे नाही. लेखनाचा पहिला धडा तेथूनच घ्यावा. तिच्याजवळ बसावे, एक ओळ पुनःपुन्हा म्हणवून घ्यावी आणि स्वर टिपावेत. मग ते वाचून तिलाच म्हणून दाखवावे. आपले लेखन बरोबर की चूक, याचा निवाडा तिच्याइतका अचूक कोणतेही यंत्र करणार नाही.