पाचट, बांध आणि शेजारी



मुंबईतले 'शीव' हे नाव आपल्या कानाला परके वाटू नये. गावाची हद्द ती शीव. मुंबई बेटाच्या हद्दीवरचे हे ठिकाण आणि तिथली कोळ्यांची वस्ती तो शीव कोळीवाडा. १९४७ च्या फाळणीनंतर तेथे निर्वासितांच्या वसाहती झाल्या, इमारती उठल्या. कोळीवाडा रेल्वे स्टेशन आता गुरु तेग बहादूर नगर झाले आहे.

कोळी समाजाची जुनी रीत अशी की पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढायच्या, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहायचा आणि मगच जाळे टाकायचे. वादळाचे भय होतेच. पण हे दिवस पुष्कळ माशांच्या विणीचेही असतात, त्यामुळे बीज आपोआप राखले जाई. शेजाऱ्याची होडी वर ओढलेली असताना आपली पाण्यात लोटणे चारचौघांत लपत नाही. पुढे यांत्रिक होड्या आल्या. १९८१ मध्ये सागरी मासेमारीचा कायदा झाला. आता या होड्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते.

आता आपल्या फडाकडे येऊ. पाचट जाळू नये हे ठाऊक नसलेला सभासद आम्हांस अद्याप भेटलेला नाही. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. ते पेटवले की कर्ब आणि नत्र धुरावाटे जातात. तरी काडी ओढली जातेच! टोळी निघून गेलेली, पाण्याची पाळी आलेली, सरी तुंबलेली आणि भोवतीच्या रानांतून धूर निघतोय. ज्याने पाचट ठेवले त्याचेही शेजारच्या आगीने पेटते, खोडव्याचे कोंब होरपळतात, ठिबकच्या नळ्या वितळतात. असा माणूस पुढच्या साली आपणच आधी काडी लावतो. त्याला अडाणी म्हणणे आम्हांस पटत नाही.

म्हणून एका पाटावरच्या लगतच्या रानवाल्यांनी तोडीआधीच एकत्र बसावे. पाचट एकाआड एक सरीत घ्यावे, म्हणजे पाणी मोकळ्या सरीने जाते. बुडखे जमिनीलगत छाटावेत. पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजविणारे जीवाणू संवर्धन टाकून पाणी द्यावे. गट ऑफिसला येताना बांधालगतच्याला सोबत आणावे. दोघांच्या रानाची पाहणी आम्ही एकाच फेरीत करू.