बोटीवरच्या दिवसाला खुंट्या

"काकू, तिथे दिवसभर करायचं काय?" चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच पुतण्याच्या बायकोने विचारलं. गेल्या रविवारी ती नेरूळला आमच्याकडे आली होती. नवरा सेकंड मेट, लग्नाला वर्ष होत आलेलं, आणि यंदा कंपनीने बायकोला सोबत न्यायची परवानगी दिलेली. ब्राझीलच्या तुबाराओ बंदरात ती बोटीवर चढणार, बोट लोहखनिज भरून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालणार आणि चीनच्या चिंगदाओला जाणार. 11,000 सागरी मैलांच्या वरचा पल्ला. साडेबारा नॉटच्या वेगाने दिवसाला 300 सागरी मैल, म्हणजे साधारण 555 किलोमीटर. हिशेब केला तर 35 ते 40 दिवस नुसतं पाणी.

आमच्या सोसायटीत बोटीवरच्या माणसांची चार घरं आहेत. नेरूळ, सीवूड्स, बेलापूर या पट्ट्यात हे काही नवल नाही. करावे गावाजवळ बोटीवरचे अधिकारी घडवणारी 'चाणक्य' ही संस्था आहे, खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर. तिच्या काकांबरोबर मी सात वेळा सेल केलं, पहिल्यांदा 1984 साली. तिला त्या दिवशी सांगितलं, ते तिच्यासारख्या बाकीच्या मुलींसाठी लिहून काढते आहे.

अगं, घरी आपल्याला दिवस कधी मोकळा वाटत नाही, कारण त्याला आयत्या खुंट्या असतात. दूधवाला, कामवाली, कुकरची शिट्टी, पाच वाजता येणारं पाणी, शेजारणीची बेल. त्या खुंट्यांवर आपण दिवस टांगतो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. बोटीवर यातलं काही नाही. तुझ्या नवऱ्याला ड्युटी आहे, तुला नाही. जेवण तयार, खोली लहान, बाजार नाही. पहिले तीन दिवस माहेरी आल्यासारखं वाटतं, चौथ्या दिवसापासून दिवस ओघळायला लागतो. म्हणून खुंट्या आपण ठोकायच्या, आणि त्या बोटीच्या कामाला धरून ठोकायच्या. मनाने ठरवलेलं वेळापत्रक दोन दिवसांत मोडतं. बोटीचं मोडत नाही.

माझ्या पहिल्या सफरीत हे सांगणारं कुणी नव्हतं. सात दिवाळी अंक आणि चार कादंबऱ्या नेल्या होत्या, त्या नवव्या दिवशी संपल्या. मग मी दिवसा झोपायला लागले. दिवसा झोपले की रात्री डोळा लागेना. हे वॉचवर, मी केबिनमध्ये छताकडे बघत. दोन आठवड्यांनी भांग पाडतानाही रडू यायला लागलं आणि मी ते यांच्यापासून लपवलं, कारण आधीच थकलेल्या माणसाला आणखी त्रास कशाला. ती माझी मोठी चूक होती. सलग तीन रात्री झोप लागली नाही तर चौथ्या दिवशी नवऱ्याला स्पष्ट सांग. त्याच्याकडे वेळ नसेल तर कप्तानाला सांग. बोटीवर आजार लपवत नाहीत, आणि हाही आजारच.

सेकंड मेटचा वॉच बारा ते चार, दुपारी आणि पुन्हा मध्यरात्री. म्हणजे तो पहाटे झोपणार, दहाच्या सुमाराला उठणार, आणि संध्याकाळी जेवून पुन्हा पडणार. तुमची दोघांची खरी वेळ दुपारी चार ते साडेसात. तेव्हा सिनेमा लावू नकोस, फोन काढू नकोस. चार वाजता चहा घेऊन बस. तो झोपलेला असेल तेव्हा केबिनमधून बाहेर पड. दार हळू ओढून घे, आपटलेलं दार आख्ख्या अ‍ॅलीवेला, म्हणजे केबिनांमधल्या बोळाला, ऐकू जातं. आणि त्या अ‍ॅलीवेत कुठल्याही वेळी कुणीतरी झोपलेलं असतंच.

घड्याळाचंही ऐकून ठेव. ब्राझील आपल्या साडेआठ तास मागे, चीन अडीच तास पुढे. वाटेत घड्याळ 11 वेळा एकेक तास पुढे जाणार, म्हणजे तुझे 11 दिवस 23 तासांचे. काही बोटींवर तो तास तीन वॉचमध्ये वीस-वीस मिनिटांनी वाटून घेतात. त्या रात्री झोप कमी होते आणि सकाळी उगाच चिडचिड होते. कारण माहीत असलं की त्यावरून भांडण होत नाही. पॅसिफिकवर जाशील तेव्हा तारीखरेषा लागेल. जपानहून अमेरिकेकडे जाताना तीच तारीख पुन्हा येते, परत येताना एक तारीख गळते. माझा एक वाढदिवस असा दोनदा झाला आणि कुकने दोन्ही दिवशी केक केला.

दुपारी बाराला बोट कुठे आहे ते ब्रिजवर नोंदवतात. ते अक्षांश-रेखांश नवऱ्याकडून रोज मागून घे. शाळेच्या नकाशावहीतला जगाचा नकाशा केबिनच्या भिंतीवर चिकटव आणि पेन्सिलीने ठिपका दे. पहिल्या दहा दिवसांत ठिपके मुंगीच्या चालीने सरकतात. पण केप ऑफ गुड होपच्या खालून रांग वळली की मनाला काय वाटतं, ते सांगून कळायचं नाही.

आता स्वयंपाकघर. गॅलीत न विचारता पाऊल टाकू नकोस, तू कुणाचीही बायको असलीस तरी. ते चीफ कुकचं राज्य आहे. तीसेक लोकांना तीन वेळा जेवू घालणाऱ्या माणसाला दुपारी दोन तास पाठ टेकायला मिळते, ती त्याची वेळ. सकाळी न्याहारी आटोपल्यावर दारात उभी राहून विचार.

दोन-तीन आठवड्यांत पालेभाजी संपते. मग कोबी, गाजर, बटाटा, कांदा. अशा वेळी मोडाच्या मटकीला सोन्याची किंमत येते. माझी पहिली मटकी केबिनच्या एसीत तीन दिवस तशीच बसली, नुसतं टोक फुटलेलं. मग बडा साब, म्हणजे चीफ इंजिनिअर, म्हणाले, बॉयलरसूट वाळवायच्या खोलीत टांगा. रात्रभर भिजवलेली मटकी पंचात बांधून तिथल्या हुकाला टांगली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंचाच्या विणीतून पांढरे मोड बाहेर डोकावत होते. कुक गोव्याचा होता. त्याने नारळाची पावडर भिजवून वाटण केलं, मी गोडा मसाला दिला. रविवारच्या बिर्याणीच्या आदल्या दिवशी उसळ झाली, आणि रत्नागिरीकडच्या एका सुकाण्याने चौथ्यांदा वाडगा पुढे केला. तेव्हापासून मी सफरीला दोन किलो मटकी आणि मसाल्याचा डबा घेतल्याशिवाय निघाले नाही. मात्र ऑस्ट्रेलियासारख्या देशात बियाणं, माती, रोपं यांचे नियम फार कडक आहेत. बंदर येण्याआधी काय जवळ ठेवायचं ते विचारून घे.

संकष्टी करतेस ना? कर. बोटीवर उपवासाची खुंटी फार भक्कम. पण कालनिर्णयमधला चंद्रोदय मुंबईचा असतो, भर अटलांटिकमध्ये तो कामाचा नाही. तुझा तर नवराच सेकंड मेट, नॉटिकल अल्मनॅकवरून तुमच्या जागेचा चंद्रोदय काढून देईल. मिनिटं कागदावर लिहून घे आणि ब्रिजच्या बाजूच्या विंगवर जाऊन उभी राहा. आधी पाण्याच्या कडेला तांबूस उजेड येतो, मग घासलेल्या ताम्हनासारखा चंद्र पाण्यातून सरळ वर निघतो. मधे इमारत नाही, झाड नाही. इतका मोठा चंद्र मी जमिनीवर कधी पाहिला नाही. पूजेचं निर्माल्य मात्र समुद्रात टाकू नकोस. कचऱ्याचे नियम कडक असतात, प्लास्टिक तर समुद्रात कुठेही टाकता येत नाही. चीफ मेटला विचारल्याशिवाय काहीही रेलिंगवरून खाली जाता कामा नये.

आठवड्यातून एक रात्र कप्तानाच्या परवानगीने मध्यरात्रीच्या वॉचला वर जा. ब्रिजवर काळोख असतो. डोळे सरावायला वीस मिनिटं लागतात, तोवर बोलू नकोस, मोबाइल खिशातून काढू नकोस. तुमच्या वाटेवर ध्रुव दिसणार नाही, तो क्षितिजाखाली. पण आपल्याकडे दक्षिणेला खाली रेंगाळणारा अगस्त्य तिथे डोक्यावर येतो, त्रिशंकू उंच चढतो, आणि मॅगेलनचे दोन मेघ धुराच्या पुंजक्यांसारखे दिसतात. विषुववृत्त ओलांडून चीनच्या समुद्रात बोट वर सरकली की उत्तरेला ध्रुव पुन्हा हाती लागतो. त्या रात्री घराकडे तोंड फिरल्यासारखं वाटतं.

चालणं सोडू नकोस. तुमची बोट जवळजवळ 300 मीटर लांब. डेकवर जायच्या आधी ब्रिजला कळव, हेल्मेट घाल, हवा बिघडलेली असेल तर मुळीच जाऊ नकोस. चांगल्या हवेत नाळेपर्यंत जा. राहायच्या जागेत रात्रंदिवस इंजिनाची घरघर अंगात भिनलेली असते, इतकी की ती आहे हे आपण विसरतो. नाळेवर ती थांबते. फक्त पाणी चिरल्याचा आवाज. उडते मासे चांदीच्या मुठीसारखे बाजूला उधळतात. केपच्या दक्षिणेला अल्बट्रॉस दिसेल. पंख न हलवता तासभर बोटीबरोबर येतो. मी तिथे रोज अर्धा तास बसत असे, आणि त्या अर्ध्या तासाच्या आशेवर सकाळ निभत असे.

केपजवळ बोट डोलणार हे धरून चाल. लोहखनिज जड, खाली बसतं, म्हणून अशी बोट झुलत नाही, झटक्याने डोलते. बाटल्या आधीच कपाटात टाक, खुर्ची बांध, टेबलावर ओला कपडा पसर म्हणजे ताटं सरकत नाहीत. पोट ढवळलं तर क्षितिजाकडे बघ, कोरडं काहीतरी खा, आलेपाकाची वडी तोंडात धर. ताजी हवा लागेल अशा जागी बस. कॅरम त्या दिवसांत विसर.

माणसांबद्दल एवढंच सांगते. बोटीवरचे कॅडेट एकोणीस-वीस वर्षांची पोरं, तुझ्याहून एकटी. टेबल टेनिसला त्यांना बोलाव. सारंगाकडून एखादी गाठ शिकून घे, पण दहाच्या किंवा तीनच्या चहाच्या सुट्टीत, कामाच्या वेळी नाही. माझ्या किल्ल्यांना अजून मंकी फिस्टची गाठ आहे, दोरीचा गोळा. ती घट्ट आवळायला मला अकरा दिवस लागले होते. नवऱ्याच्या हुद्द्याचं वजन मात्र तू उचलू नकोस. एकाचं दुसऱ्याला सांगू नकोस. शनिवारी बोट ड्रिल असली की लाइफजॅकेट घालून सगळ्यांबरोबर उभी राहा. सात आखूड आणि एक लांब भोंगा झाला की हातातलं सोडून मस्टरला पोचायचं, हे पहिल्याच दिवशी पाठ कर.

फोन आता बोटीवर चालतो, आमच्या वेळी मार्कोनी साबाकडे, म्हणजे रेडिओ ऑफिसरकडे, जावं लागे. तरी रोज पान-दोन पानं हाताने लिही. आनंदीबाई जोशी 7 एप्रिल 1883 ला कलकत्त्याहून निघाल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या आणि घरचं कुणी सोबत नव्हतं. त्यांच्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते आज आपल्याला कळतं, कारण त्या नवऱ्याला, गोपाळरावांना, पत्रं लिहीत होत्या. मेसेजमध्ये 'आज पाऊस' एवढंच जातं. कागदावर पाऊस कसा होता ते उतरतं.

वाशीच्या माझ्या मैत्रिणी आता क्रूझवर जातात. त्यांची अडचण उलटी असते, सकाळपासून रात्रीपर्यंत कार्यक्रमच कार्यक्रम. त्यांनाही मी हेच सांगते: दिवसाला दोनच गोष्टी ठरवा, आणि त्यातली एक उघड्या डेकवरची असू दे. बाकी काही बुडालं तर बुडू दे.

पुस्तकं मोजून ने आणि सगळी पहिल्या आठवड्यात उघडू नकोस. एक जाडजूड पुस्तक केपच्या पुढे गेल्यावरच काढायचं असं ठरव. एक छान साडीही तशीच ठेव, कुणाच्या तरी वाढदिवसाला नेसायला.

इतकं ऐकून ती म्हणाली, "पण काकू, मला नुसतं बघत बसायची सवयच नाही." खरंच, ती सवय करावी लागते. म्हणून उद्या सकाळी सहाला तिला 'चाणक्य'मागच्या पाणथळीवर बोलावलं आहे. फ्लेमिंगो अजून आहेत. तिथे तासभर बसू, दुर्बीण मी आणते.