पहिली लेसिक बघायला जाशील तेव्हा

चि. मृणाल,

काल ताईचा फोन आला होता. सोमवारी तुला ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहून पहिली लेसिक, चष्म्याचा नंबर घालवायची लेसर शस्त्रक्रिया, बघायची आहे म्हणे, आणि तुझं म्हणणं असं की कौन्सेलिंगच्या टेबलावर बसणारीने ऑपरेशन बघून करायचं काय. मला विचारशील तर बघण्याची सगळ्यांत जास्त गरज तुलाच आहे. ऑपरेशनच्या आधी पेशंटशी निवांत बोलायला डॉक्टरांना वेळ मिळत नाही. ते बोलणं तुझ्याकडे येणार.

सकाळी पोटभर खाऊन जा. सेंट, अत्तर, वासाचं तेल, गजरा यांतलं काही नको. एक्सायमर लेसरचा किरण 193 नॅनोमीटरचा, अतिनील असतो. हवेत सुगंधाच्या वाफा असल्या तर त्याच्या ताकदीत फरक पडू शकतो. पेशंटलाही हे आदल्या दिवशीच सांगायचं, कारणासकट. गरगरल्यासारखं झालं तर ट्रॉलीपासून मागे सर, सिस्टरना सांग आणि सरळ खाली बस. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

सुरुवातीला पेशंटचं नाव, कोणता डोळा, नंबर, ॲक्सिस हे मोठ्याने वाचतील. ते कान देऊन ऐक. मग भूल देणारे थेंब, पापण्यांना क्लिप. तुझी नजर आपोआप मॉनिटरकडे जाईल, कारण तिथे डोळा एवढा मोठा दिसतो. तिथून ती काढ आणि पेशंटच्या हातांकडे बघ. मुठी कधी आवळल्या जातात, पायाची बोटं कधी ताठतात, हे डॉक्टरांना मायक्रोस्कोपमधून दिसत नाही.

मुठी बहुतेक सक्शनच्या वेळी आवळतात. फ्लॅप, म्हणजे कॉर्नियाचा वरचा पातळ थर, कापताना डोळा स्थिर धरण्यासाठी त्यावर कडं बसवून सक्शन देतात. डोळ्यातला दाब वाढतो आणि काही सेकंद समोरचं सगळं अंधुक, कधीकधी पूर्ण काळं होतं. ज्याला आधी सांगितलेलं नसतं त्याला त्या क्षणी वाटतं, गेला आपला डोळा. आणि नेमकं तेव्हाच डोकं हलवून चालत नाही. ‘काही कळतसुद्धा नाही, दोन मिनिटांचं काम’ असं सांगणाऱ्या कौन्सेलरचा मला राग येतो तो यासाठी. धीर देण्याच्या नादात ती माणसाला अंधारात एकटं सोडते. तू सांग, ‘दाब जाणवेल, थोडा वेळ दिसणार नाही, हे असंच व्हायचं असतं, आणि परत दिसेल.’ एवढं ऐकलेला माणूस शांत पडून राहतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

कॉर्नियाची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. त्यातला सुमारे शंभर मायक्रॉनचा थर डबीच्या झाकणासारखा उचलून बाजूला ठेवतात. मग समोरचा लुकलुकणारा दिवा पसरट दिसू लागतो, लेसरची टकटक ऐकू येते आणि केस जळल्यासारखा वास येतो. तुझ्या पोटात ढवळलंच तर ते इथेच ढवळेल. पण त्या वासात जळणं नाही. हा किरण पेशीजालातले रेणूंचे बंध तोडतो, उष्णता शेजारी पोचूच देत नाही. याचा शोध लागला त्यात आपल्या चेन्नईत जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन होते. 1981 साली आयबीएमच्या न्यूयॉर्कजवळच्या प्रयोगशाळेत त्यांनी थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या मांसावर हा लेसर मारून पाहिला. काप स्वच्छ आला, कडा करपल्या नव्हत्या. घाबरलेल्या पेशंटला ही गोष्ट जरूर सांग. यंत्राच्या किमतीपेक्षा ती जास्त कामाला येते.

‘माझा डोळा हलला तर?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. लेसर चालू असताना ट्रॅकर बुबुळाच्या बारीक हालचालींमागे फिरतो, डोळा फारच सरकला तर लेसर थांबतो. हेही खरं तेवढंच सांग. थेंबांचा असर उतरल्यावर काही तास चुरचुरणार, पाणी येणार. काही आठवडे, कधी काही महिनेही, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतील, डोळे कोरडे वाटतील. आणि चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागणार तो लागणारच. हे ऐकून एखादा उठून गेला तर जाऊ दे.

टोपोग्राफीत, म्हणजे कॉर्नियाच्या नकाशात, कॉर्निया पातळ निघाला किंवा केराटोकोनसची, म्हणजे तो शंकूसारखा पुढे येण्याच्या विकाराची, शंका आली तर डॉक्टर नाही म्हणतील, आणि तो नकार बऱ्याचदा तुलाच नीट समजावून द्यावा लागेल. पेशंट हिरमुसतो. त्याला सांग की हा नकार म्हणजे त्याच्या डोळ्यांची राखण आहे. दुसरीकडे कुठे होईल का असं विचारलं, तर पत्ता देऊ नकोस.

आणखी एक. दिवाळी उरकली की लग्नाच्या मुली येतील, आईवडिलांसोबत. वय अठराच्या वर हवं, नंबर वर्षभर स्थिर हवा, हे तू कागद बघून तपासशीलच. पण बोलताना लक्ष ठेव, सगळी उत्तरं आईच देते आहे का. तसं असेल तर आईला फॉर्म भरायला बाहेर बसव आणि मुलीला विचार, चष्मा तुला नकोय की स्थळाला? तिला स्वतःला हवं असेल तर आनंदाने पुढचं सगळं समजावून सांग. ती गप्प राहिली तर त्या दिवशी तारीख देऊ नकोस, डॉक्टरांच्या कानावर घाल.

तुझी,
सुमामावशी