पी. टी.चा तास : काही नियम, काही अपेक्षा

या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर आसपासच्या हायस्कूलांच्या खो-खोच्या स्पर्धा झाल्या. शारीरिक शिक्षण विभागाच्या सरांनी वाणिज्य शाखेतील आम्हा चौघींना गुणलेखनाच्या टेबलावर बसवले. "तुम्ही हिशेबवाल्या, आकडे चुकणार नाहीत," एवढीच आमची पात्रता! त्या चौघींत मी एकटीनेच आयुष्यात खो-खोचा एकही डाव खेळलेला नाही, हे मी त्या वेळी सांगितले नाही. नियम मात्र मला तोंडपाठ होते. ते कसे, हे सांगता सांगता हायस्कूलमधल्या शारीरिक शिक्षणाच्या तासाविषयी थोडे लिहावे असे मनात आहे. आपल्यापैकी काहीजण पुढे बी. पी. एड.ला जातील, पुष्कळजण शिक्षक होतील, आणि पालक तर बहुतेक सगळेच होतील. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

आमच्या शाळेत मराठी नि कन्नड अशी दोन्ही माध्यमे एकाच आवारात होती. इमारती दोन, मैदान एक. आठवड्याला पी. टी.चे दोन तास आणि शनिवारी सकाळी सामुदायिक कवायत. हुकूम हिंदीतून – सावधान, विश्राम, पीछे मुड. रागावणे ज्याच्या त्याच्या भाषेतून. आणि गुण मोजणे इंग्रजीतून. कन्नड विभागाच्या बाई पळणाऱ्या मुलींना "निधान, निधान" म्हणून ओरडत. आम्हा मराठीवाल्यांना वाटे, बाई "निदान, निदान" म्हणताहेत. निदान काय? निदान पहिली तरी ये? पुढे कळले की कन्नडात निधान म्हणजे सावकाश. हा शब्द मला नंतर फार उपयोगी पडला.

या तासाचे नाव तोंडी 'पी. टी.' आहे आणि वेळापत्रकावर 'शारीरिक शिक्षण'. या दोन नावांत एक जुना वाद दडलेला आहे. 'टी' म्हणजे ट्रेनिंग. हुकूम सुटला की शरीराने तो पाळायचा. आपल्याकडे हा तास दोन वाटांनी आला. एक वाट तालमीची. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची उभारणी केली आणि बडोद्याला प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराने मल्लखांब, लाठी, लेझीम यांना शिस्तशीर रूप दिले. दुसरी वाट पलटणीच्या कवायतीची. १९५४ साली जगन्नाथराव भोसले यांनी निर्वासितांच्या मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. हे आपल्या शेजारच्या सावंतवाडीकडचे आणि आझाद हिंद फौजेतले सेनानी, तेव्हा त्या योजनेच्या नावातच 'शिस्त' यावी यात नवल नाही. पुढे १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने मात्र शारीरिक शिक्षणाकडून पुष्कळ जास्त अपेक्षा केली. शरीराच्या तंदुरुस्तीबरोबर चिकाटी, संघभावना आणि हारजीत पचवण्याची ताकद त्यातून यावी असे त्याचे म्हणणे होते. आमच्या शाळेच्या मैदानावर यांतले पलटणीचे पाणी जास्त मुरले होते, असे आता वाटते.

आमचे नियम असे होते. घंटा झाल्यावर पाच मिनिटांत उंचीप्रमाणे रांग. नखे कापलेली. मुलींच्या दोन वेण्या, हातात बांगडी नाही, कानात लोंबते काही नाही. पांढरे कॅनव्हास बूट. तास संपेपर्यंत पाणी नाही. बोलल्यास दोन फेऱ्या. न पळण्याचे कारण असल्यास पालकांची चिठ्ठी.

त्या वेळी हे सगळे नियम आम्हाला एकाच मापाचे वाटत, कारण ते एकाच शिट्टीतून येत. आता एकेक सुटा करून पाहिला की फरक दिसतो. बांगडीचा नियम अगदी रास्त. काचेची बांगडी पडताना फुटते आणि मनगटातच घुसते. नखांचेही तेच, कबड्डीत पकड करताना वाढलेले नख दुसऱ्याच्या कातडीवर आपली सही करून जाते. रांगेचा नियम सोयीचा आहे, आणि सोय म्हणजे काही गुन्हा नव्हे. साठ मुले आणि एक शिक्षक असल्यावर मोजणार कशी? पण पाणी न पिण्याचा नियम? त्याला आधार कसलाच नाही. घाम गाळणाऱ्या मुलाने मध्ये मध्ये दोन घोट पाणी प्यावे, हेच आजचे वैद्यक सांगते. आमच्या सरांना त्यांच्या सरांनी पाणी पिऊ दिले नव्हते, एवढेच त्या नियमाचे भांडवल.

बुटांविषयी थोडे सविस्तर सांगते. आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचा नि त्याच्या थोरल्या भावाचा कॅनव्हासचा जोड एकच. ज्या शनिवारी भावाच्या पायात बूट, त्या शनिवारी हा रांगेबाहेर. रांगेबाहेर उभे राहून तो आम्हाला कवायत करताना बघे. खो-खो मात्र तो अनवाणी असा खेळे की खांबाला वळसा घालताना त्याची सावलीसुद्धा सापडू नये. नियमाचा हेतू पायाचे रक्षण हा असेल, तर अनवाणी मुलासाठी मैदानातले खडे नि काचा आधी वेचायला हव्यात. हेतू फोटोत सगळे पाय पांढरे दिसावेत हा असेल, तर गोष्ट वेगळी. शाळेच्या कपाटात जुन्या बुटांचे पाच-सहा जोड ठेवले असते तर तो प्रश्न एका दिवसात सुटला असता. पण त्या वेळी हे कोणाला सुचले नाही, मलाही नाही.

शिक्षा म्हणून फेऱ्या मारायला लावणे ही तर मला मोठी गंमत वाटते. गणिताच्या तासाला बोलला म्हणून कोणी "जा, दहा गणिते जास्त सोडव" म्हटले तर त्या मुलाला गणित आवडेल काय? पळणे हाच ज्या तासाचा खाऊ, तोच आम्ही शिक्षा म्हणून वाटला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. छडी गेली, पण फेऱ्या राहिल्या, कारण त्या व्यायामासारख्या दिसतात.

आता चिठ्ठीचा नियम.

मला लहानपणापासून दमा आहे. आठवीत असताना वडिलांनी चिठ्ठी लिहून दिली होती, 'मुलीला पळाल्यावर दम लागतो, कृपया सवलत द्यावी.' सरांनी ती वाचली आणि म्हणाले, "दम सगळ्यांनाच लागतो की गं पळाल्यावर!" रांग हसली. मीही हसले. घरी आईचे म्हणणे, "सरांनी सांगितलंय तर थोडं पळायला पाहिजे की." जानेवारीतली शनिवारची सकाळ होती, त्या दिवसांत आमच्याकडे थंडी बऱ्यापैकी असते आणि हवा कोरडी. पहिली फेरी निभावली. दुसरीत छातीत शिट्टी वाजू लागली, आणि मग खांबापाशी मी खाली बसले ती उठले नाही. श्वास आत जाई, बाहेर येईना. कन्नड विभागाच्या बाई धावत आल्या, पाठीवर हात ठेवून "निधान, निधान" म्हणत राहिल्या. सरांनी स्वतःच्या स्कूटरवर मला दवाखान्यात नेले. वाटेत त्यांचा शर्ट घामाने भिजलेला मला दिसत होता.

ते वाईट नव्हते, घाबरले होते. सोमवारी त्यांनी सांगितले, "आजपासून तू पायरीवर बसायचं." आठवीचे उरलेले महिने, नववी आणि दहावी अशी जवळजवळ सव्वादोन वर्षे मी पायरीवर बसले. आधी चिठ्ठी खोटी ठरली होती; आता ती इतकी खरी ठरली की तिच्यापुढे दुसरे काही उरलेच नाही.

पी. यू. सी.च्या दुसऱ्या वर्षी एका डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितले. थंड कोरड्या हवेत एकदम जोरात पळाल्यास दम्याच्या माणसाच्या श्वासनलिका आकसतात. आधी दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालून, हळूहळू वेग वाढवून अंग तापवले, डॉक्टरांनी सांगितले असल्यास खेळाआधी काही मिनिटे पंप घेतला, आणि तो पंप ऑफिसच्या कपाटात न ठेवता खिशात ठेवला, तर बहुतेक दमेकरी मुले खेळू शकतात. म्हणजे सगळे मर्म त्या बाईंच्या एका शब्दात होते! मी पळू शकत होते. फक्त शिट्टी वाजल्याबरोबर नाही.

चिठ्ठीच्या नियमाचा दुसरा भाग मुलींचा आहे, आणि तो लिहायला संकोच वाटू नये अशी आता आपली वये आहेत. महिन्याच्या त्या दिवसांसाठी 'पोटात दुखते' हे कारण रांगेतून पुढे जाऊन पुरुष शिक्षकांना मोठ्याने सांगावे लागे. सांगणारीच्या मागे मुलांची रांग खुसखुसे. त्यामुळे कित्येकजणी न सांगता पळत, आणि कित्येकजणी त्या दिवशी शाळेलाच येत नसत. वास्तविक त्या दिवसांत व्यायाम वर्ज्य मुळीच नाही. ज्या मुलीला बरे वाटते तिने खुशाल खेळावे, जिला वाटत नाही तिने थांबावे. त्यासाठी मॉनिटर मुलीजवळच्या वहीत एक खूण पुरे. कारण कशाला हवे?

असो. पायरीवरून मला मैदान उभ्या नकाशासारखे दिसे. तिथेच मी खो-खो शिकले. आठजणी चौरसात एकीआड एक उलट तोंडे करून बसतात, नववी पाठलाग करते. पळणारीला मधून कुठूनही जाता येते. पाठलाग करणारीला बसलेल्यांच्या मधून जाता येत नाही, आणि एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे फिरता येत नाही. म्हणून तर खो द्यायचा. बसलेलीने खो मिळण्याआधी उठले तर फाऊल. एका डब्यातल्या चॉकच्या तुकड्याने मी पायरीवर नोंद करू लागले: कोण बाद झाली, कोणी केली, किती वेळ टिकली. आज रोजकीर्द आणि खतावणी शिकताना मला ती पायरी आठवते, कारण तिथेही प्रत्येक नोंदीला दोन बाजू होत्या. एकीचे जाणे ते दुसरीचे येणे. सरांनी माझ्या त्या नोंदीकडे कधी पाहिले नाही. घंटा झाली की शिपाई मामा पाणी मारून पायरी धूत.

या तासाकडून अपेक्षा काय असावी, या प्रश्नाला माझे उत्तर त्या पायरीवरून आलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटांची हालचाल हवी. आठवड्याचे दोन तास त्याला कुठे पुरणार? पण तेवढ्यात मुलाला घरच्या घरी, पुढच्या वयात, एकट्याने करता येईल असे काहीतरी शिकवता येते: अंग कसे तापवावे, पडावे कसे, थकल्यावर कसे थांबावे. गुण देताना शंभर मीटरचे सेकंद पाहण्यापेक्षा जूनमधला तो मुलगा आणि फेब्रुवारीतला तोच मुलगा यांतला फरक पाहावा. अपंग विद्यार्थ्यांना खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी असे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा स्पष्ट म्हणतो. तेव्हा पायरी हे कोणाचेच कायमचे ठिकाण असता कामा नये. गुण मोजणे, वेळ लावणे, पंच होणे ही खेळाचीच कामे आहेत, आणि ती आजारी मुलांवर दया म्हणून न देता सगळ्यांना पाळीपाळीने द्यावीत.

आणि मुळात तो तास व्हावा. दहावीत आमचे दोन्ही तास गणित नि विज्ञानाला गेले. वेळापत्रकावर मात्र शेवटपर्यंत 'शा. शि.' लिहिलेले होते. जमेच्या बाजूला लिहिलेली पण हाती कधीच न आलेली रक्कम. लेखापरीक्षणात असली नोंद एका दिवसात पकडली जाईल. गंमत म्हणजे त्या वर्षी मला इतरांपेक्षा कमी वाईट वाटले. सगळेच पायरीवर आले होते ना!

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठीचा एक नमुना तयार करून आमच्या विभागाच्या सरांना दिला. त्यात आजाराचे नाव लिहायला जागाच ठेवलेली नाही. तीनच ओळी आहेत: काय करता येणार नाही, काय करता येईल, आणि हे कोणत्या तारखेपर्यंत. मराठीत एक प्रत, आणि माझ्या मैत्रिणीने दुरुस्त करून दिलेली कन्नड प्रत एक. सरांनी दोन्ही वाचल्या, मधल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ही ओळ पालक रिकामी सोडणार बघ." मग थोडे थांबून त्यांनी स्वतःच तिच्यापुढे बारीक अक्षरात लिहिले, 'शिक्षकांनी विद्यार्थ्याला विचारून भरावी.'