अंगी कुठं लागतं?

मांजर्लीतल्या आईबाबांनो,

आपल्या सोसायट्यांच्या जिन्यांत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘एवढं खातो, पण अंगी लागतच नाही,’ हे एक. दुसरं, ‘ही पाणी प्यायली तरी सुटते.’ दोन्ही मुलांच्या समोरच म्हटली जातात. आज त्याबद्दलच थोडं बोलायचं आहे.

खाल्लेलं अंगी लागणं, यालाच पुस्तकात चयापचय म्हणतात. अन्नातून निघालेली ऊर्जा आधी हृदय, यकृत, मूत्रपिंडं, मेंदू यांच्या रोजच्या कामाला जाते, अगदी झोपेतसुद्धा. पाच वर्षांच्या मुलाचा तर मेंदूच एकूण ऊर्जेचा ४० टक्क्यांच्या आसपास वाटा खातो. त्या वयात पोर किडकिडीत दिसलं, तरी त्याची उंची वाढत असेल आणि ते दिवसभर हुंदडत असेल, तर उगाच धसका घेऊ नका.

पण अंगी लागतं ते नेमकं कुठं, हे मात्र पाहायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळं अभ्यासली. बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं दिसायला बारीक, पण कमतरता मुख्यतः स्नायूंची होती. चरबी त्या मानानं टिकून होती. पुढं २००४ मध्ये डॉ. याज्ञिकांनी स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२! म्हणून वजनकाट्यावरचा आकडा बघून निर्धास्त होऊ नका. हातपाय काटक्यांसारखे आणि पोट मात्र पुढं, असं मूल बारीक दिसलं तरी त्याच्याकडे लक्ष हवं.

आणि मानेवरचा तो काळसर, जाडसर पट्टा. किती आया तो उटण्यानं, दगडानं घासतात! पुष्कळदा तो मळ नसतोच. रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या इन्सुलिनला पेशी दाद देत नाहीत, म्हणून शरीर ते जास्त तयार करतं, आणि त्याची खूण त्वचेवर उमटते. घासून लेकराला रडवू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता आपल्या संध्याकाळीकडे येते, कारण माझ्या मते खरी गाठ तिथंच आहे. मुंबईहून यायला दीड-दोन तास. त्यात कल्याणला गाडी रखडली की बाबा घरात शिरेपर्यंत दहा वाजतात. पोरं थांबलेली असतात. सहाला वडापाव, आठला बिस्किटं, साडेदहाला जेवण, अकराला अंथरूण, आणि पहाटे शाळेची व्हॅन दारात. शरीराचंही घड्याळ असतं हो. रात्र चढली की इन्सुलिनचा जोर ओसरतो, आणि संध्याकाळी सहज पचणारा तोच वरणभात रक्तातली साखर अधिक वर नेतो. झोप कमी पडली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि हात गोडाकडे वळतो. मूल हावरट नसतं, अर्धवट झोपलेलं असतं.

एकत्र जेवायचा तुमचा आग्रह मला कळतो. दिवसभरात तेवढाच तर वेळ मिळतो. तरीही मुलांना साडेसातला पोळी-भाजी, उसळ, अंडं, जे असेल ते पोटभर वाढा. बाबा आल्यावर त्यांनी शेजारी बसून चार गप्पा माराव्यात, दुसरं ताट नको.

जेवण झालं की शतपावली. चालताना पायाचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. ज्या दिवशी बाबांची गाडी वेळेवर असेल, त्या दिवशी रिक्षा न करता मुलांना घेऊन स्टेशनपर्यंत चालत जा आणि बाबांना घेऊन चालतच परत या. शाळेत काय झालं, हे घरी दहादा विचारून जे कळत नाही, ते त्या वाटेवर पोरं आपणहून सांगतात.